वाहतूक आणि ऊर्जेची काटकसर

माणसाच्या गरजा म्हटल्या की अन्न, वस्त्र आणि निवारा ह्या तीन गोष्टींचा उल्लेख आपण सवयीने करतो. परंतु धान्य शेतातून ताटापर्यंत, कापड गिरणीतून अंगापर्यंत आणि वीट भट्टीतून भिंतीपर्यंत पोचते ते वाहतुकीमुळे, ह्याचा मात्र आपणांस विसर पडतो. वाहतूक ही ह्या तिन्ही गरजांच्या मागे उभी असलेली चौथी गरज होय. आणि तिला लागते ऊर्जा. ही ऊर्जा कोठून येते, ती कोठे खर्च होते, आणि तेवढेच काम थोड्या ऊर्जेत कसे साधेल, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय अभियंत्यांचा आहे, कला शाखेच्या विद्यार्थ्यांना त्याचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, यंत्र कसे बनवावे हा प्रश्न अभियंत्याचा असला, तरी कोणते यंत्र कोणासाठी आणि किती वापरावे हा प्रश्न अर्थशास्त्राचा, समाजशास्त्राचा आणि भूगोलाचा आहे. १९७३ च्या ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध भडकले आणि तेथील खनिज तेलाचा भाव पिंपामागे सुमारे तीन डॉलरांवरून १९७४ च्या आरंभी जवळजवळ बारा डॉलरांवर गेला, तेव्हा त्याचे चटके आपल्या खेड्यापाड्यांपर्यंत पोचले. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' ह्या जहाजाने मुंबईजवळच्या समुद्रात तेल शोधून काढले आणि १९७६ पासून 'बॉम्बे हाय'चे तेल मिळू लागले, त्यामुळे काही काळ दिलासा मिळाला. तथापि आज आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून आणावे लागते. म्हणजे आपल्या गावच्या फाट्यावर सुरू होणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलीचा संबंध दूरच्या आखाताशी जोडलेला आहे.

ऊर्जा खर्च होते कोठे?

काटकसर करावयाची तर आधी खर्चाची खाती ठाऊक पाहिजेत. धावणाऱ्या वाहनाच्या खर्चाची मुख्य खाती चार आहेत.

पहिले खाते चाकाच्या घर्षणाचे. रबरी चाक रस्त्यावर दबते आणि पुन्हा फुगते, ह्या दबण्या-फुगण्यात ऊर्जा वाया जाते. पोलादी रुळावर पोलादी चाक जवळजवळ दबतच नाही. म्हणून सपाटीवर एक टन ओझे मंदगतीने ओढण्यास रस्त्यावर जेवढा जोर लागतो, त्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढ्या जोरात ते काम रुळावर होते. रेल्वेचे सारे अर्थशास्त्र ह्या एका गोष्टीवर उभे आहे. टायरमध्ये हवा कमी असली की गाडी इंधन जास्त का खाते, ह्याचेही उत्तर येथेच आहे.

दुसरे खाते हवेच्या विरोधाचे. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटरऐवजी ८० किलोमीटर वेगाने गेल्यास विरोध दुप्पट नव्हे, तर चौपट होतो. घाईची किंमत ही अशी चढत्या भाजणीने मोजावी लागते. आगगाडीचे डबे एकामागे एक चालतात, त्यामुळे हवा कापण्याचे काम मुख्यत्वे पहिल्या डब्याला करावे लागते. तीस मोटारी वेगवेगळ्या धावल्या तर तीच हवा तीस वेळा कापावी लागते.

तिसरे खाते थांबण्याचे व सुटण्याचे. गती देण्यासाठी खर्च केलेली ऊर्जा ब्रेक दाबताच उष्णता होऊन उडून जाते. शहरातील गर्दीच्या रस्त्यावर इंधन जास्त लागते ते ह्यामुळेच.

चौथे खाते चढाचे. कर्जतहून लोणावळ्यास जाताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर उंच चढते. एक टन वजन एवढे उचलण्यास, घर्षण जमेस न धरताही, सुमारे दीड युनिट वीज लागते. पाचशे टनांची गाडी असेल तर साडेसातशे युनिटे झाली. बोरघाटात सदतिसास एक असा चढ असल्याने कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने लावण्याची प्रथा पडली, तिचे कारण हेच.

हवेच्या विरोधाचे खाते सोडले, तर उरलेल्या तिन्ही खात्यांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे वजन. साठ किलोचा माणूस जेव्हा हजार किलोच्या मोटारीतून एकटा प्रवास करतो, तेव्हा इंधनाचा फार मोठा भाग माणसाला नव्हे, तर लोखंडाला हलविण्यात खर्च होतो. ह्या निर्जीव ओझ्याचे माणसाशी किंवा मालाशी असलेले प्रमाण कमी करणे, हे काटकसरीचे पहिले सूत्र होय.

प्रवासी वाहतूक

आता हेच सूत्र रोजच्या प्रवासास लावून पाहू. त्यासाठी 'गाडी एका लिटरमध्ये किती किलोमीटर जाते' हा नेहमीचा प्रश्न पुरेसा नाही. 'एका लिटरमध्ये किती माणसे किती किलोमीटर जातात' असे विचारले पाहिजे. समजा, एक मोटार लिटरला पंधरा किलोमीटर जाते आणि तीत सरासरी दीड माणूस बसतो. तर एका लिटरमध्ये साडेबावीस प्रवासी-किलोमीटर झाले. एक मोटारसायकल लिटरला पन्नास किलोमीटर जाते आणि तिच्यावर सरासरी सव्वा माणूस असतो असे धरले, तर हा आकडा साडेबासष्ट येतो. एस.टी.ची बस लिटरला साडेचार किलोमीटरच जाते. वरवर पाहता ती उधळी वाटते. परंतु तीत तीस प्रवासी असतील तर एका लिटरमध्ये एकशे पस्तीस प्रवासी-किलोमीटर होतात. म्हणजे ती मोटारीच्या सहापट आणि मोटारसायकलीच्या दुपटीहून अधिक काटकसरी ठरते.

मात्र ह्या हिशेबात एक अट दडलेली आहे, ती म्हणजे तीस प्रवासी. तीच बस दहा प्रवासी घेऊन गेली तर आकडा पंचेचाळीसवर येतो आणि मोटारसायकल तिच्या पुढे निघून जाते. सार्वजनिक वाहनाची काटकसर इंजिनात नसून त्यातील भरलेल्या बाकांवर आहे, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे.

महाराष्ट्रात राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर ह्या मार्गावर धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी 'शिवाई' ही विजेवर चालणारी बस सुरू झाली. दरम्यानच्या चौऱ्याहत्तर वर्षांत एस.टी.ने गावोगावच्या मुलांना शाळा-महाविद्यालयांत, रुग्णांना तालुक्याच्या दवाखान्यात आणि शेतकऱ्याला बाजारात पोचविले. एस.टी.च्या आगारात दर लिटरमागे गाडी किती किलोमीटर गेली ह्याचा हिशेब ठेवतात, त्याला तेथील भाषेत 'के.एम.पी.एल.' म्हणतात. गाडी तीच असली तरी चालकागणिक हा आकडा बदलतो. एकसारखा वेग, पुढे पाहून वेळीच सोडलेला ॲक्सिलरेटर, योग्य वेळी बदललेला गिअर आणि उभ्या गाडीचे बंद इंजिन, एवढ्या साध्या सवयींनी इंधन वाचते. त्यास नवे यंत्र लागत नाही.

रेल्वेची गोष्ट ह्याहून बोलकी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली, आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई ते कुर्ला ह्या मार्गावर विजेची पहिली गाडी सुरू झाली. ती पंधराशे व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालत असे. पुढे मुंबईतील उपनगरी मार्ग टप्प्याटप्प्याने पंचवीस हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर आणण्यात आले. दाब वाढला की तेवढीच शक्ती कमी प्रवाहात नेता येते आणि तारांतून होणारी गळती घटते. २००७ पासून मुंबईत आलेल्या नव्या लोकल गाड्यांत आणखी एक सोय झाली. ब्रेक लावताना त्यांची मोटर जनित्राचे काम करते आणि गतीची ऊर्जा पुन्हा विजेच्या रूपाने तारेत सोडते. वर सांगितलेल्या तिसऱ्या खात्यातील नुकसान अशा रीतीने काही अंशी परत मिळते. पावलोपावली थांबणाऱ्या उपनगरी गाडीला ह्याचा लाभ सर्वांत अधिक, हे उघड आहे.

आणि सायकल? एके काळी पुण्याची ख्याती सायकलींचे शहर अशी होती. सायकलस्वारास किलोमीटरमागे सुमारे पंचवीस कॅलरी पुरतात. एका भाकरीत सहा-सात किलोमीटरची मजल सहज मारता येते. एक लिटर पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा असते, तेवढीत सायकलस्वार सुमारे तीनशे किलोमीटर जाईल. ज्या वाहनाचे वजन स्वाराच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याएवढेच, त्याचा हिशेब असाच येणार. परंतु सायकल पुण्याच्या रस्त्यावरून हटली ती तिच्यात काही उणे होते म्हणून नव्हे. शहर पसरले, अंतरे वाढली आणि जड वाहनांच्या गर्दीत सायकलस्वारास जिवाची धास्ती वाटू लागली. ऊर्जेचा प्रश्न रस्त्याच्या रचनेशी आणि नगररचनेशी कसा निगडित असतो, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय.

मालवाहतूक

मालवाहतुकीचे चित्र अधिक चिंताजनक आहे. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत देशातील मालवाहतुकीच्या पाच भागांपैकी चार भागांहून अधिक माल रेल्वे नेत असे. आज हा वाटा एक तृतीयांशाहूनही कमी झाला आहे. वस्तुतः मालगाडीला ट्रकच्या तुलनेने साधारण चौथा ते तिसरा हिस्सा ऊर्जा पुरते. मग माल रुळावरून रस्त्यावर का गेला?

ह्याचे उत्तर कांद्याच्या उदाहरणातून पाहू. २०२४ च्या ऑक्टोबरात नाशिक जिल्ह्यातून दिल्लीस सोळाशे टन कांदा खास मालगाडीने पाठविण्यात आला. शासनाने त्या वेळी दिलेल्या हिशेबानुसार अशी एक गाडी म्हणजे ५६ ट्रक. रेल्वेने खर्च ७० लाख २० हजार रुपये, तर रस्त्याने ८४ लाख रुपये. म्हणजे एका खेपेस १३ लाख ८० हजार रुपयांची बचत. इंधनाचा अंदाज आपण स्वतः करू शकतो. अंतर सुमारे तेराशे किलोमीटर. भरलेला ट्रक लिटरला सव्वातीन किलोमीटर जातो असे धरल्यास एका ट्रकला चारशे लिटर आणि ५६ ट्रकना बावीस हजार लिटरांहून अधिक डिझेल लागेल. शिवाय ट्रक रिकामा परतला तर तो खर्च निराळाच.

असे असूनही शेतकरी व व्यापारी ट्रकच का पसंत करतात? कारण सोळाशे टन कांदा एका वेळी एका ठिकाणी गोळा होणे, हे लहान शेतकऱ्याच्या हाती नसते. त्याच्याजवळ दोन टन माल असतो आणि तो त्याला आज विकावयाचा असतो. टेम्पो त्याच्या बांधावर येतो, आगगाडी येत नाही. रेल्वेने पाठवायचे तर माल आधी स्थानकावर न्यावा लागतो, तेथे चढवावा लागतो, आणि पलीकडे उतरवून पुन्हा दुसऱ्या वाहनात भरावा लागतो. ह्या प्रत्येक हाताळणीत हमाली लागते, नासाडी होते आणि वेळ जातो. तात्पर्य, रुळावर वाचलेली ऊर्जा व पैसा ह्या दोन टोकांवर गमावला जातो. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला पहिली 'किसान रेल' निघाली, ती थोडाथोडा नाशवंत माल वाटेतील स्थानकांवर घेत जाण्याच्या हेतूने. अशा योजना टिकावयाच्या तर स्थानकापाशी शीतगृह, तोलकाटा आणि शेतकऱ्यांची सहकारी संघटना ह्यांची जोड हवी. नुसते इंजिन सुधारून हा प्रश्न सुटत नाही.

दोन टोकांची ही अडचण ओळखून कोकण रेल्वेने एक निराळी युक्ती काढली. २६ जानेवारी १९९९ रोजी रायगड जिल्ह्यातील कोलाड ते गोव्यातील वेर्णा ह्या मार्गावर 'रो-रो' सेवा सुरू झाली. हिच्यात भरलेला ट्रकच रेल्वेच्या सपाट वाघिणीवर चढतो, घाटवळणांचा रस्ता रुळावरून पार करतो आणि उतरून थेट आपल्या मुक्कामी जातो. माल हलवावा लागत नाही, चालकाला विश्रांती मिळते, टायर झिजत नाहीत. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचे विद्युतीकरण पूर्ण झाल्याने डिझेलचीही गरज उरली नाही. मात्र येथेही आपले पहिले सूत्र विसरता कामा नये. मालाबरोबर ट्रकचे वजनही वाहून न्यावे लागते, त्यामुळे ही पद्धत नुसत्या वाघिणीइतकी काटकसरी नाही. परंतु रस्त्यावरून ट्रक नेण्यापेक्षा ती पुष्कळच बरी आहे. व्यवहारात सर्वोत्तमाची वाट पाहत बसण्यापेक्षा साध्य असलेले चांगले स्वीकारावे, हा धडा त्यातून मिळतो.

कमी ऊर्जेत माल पोचविण्याचा आदर्श पाहावयाचा असेल तर मुंबईच्या डबेवाल्यांकडे पाहावे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे ह्यांनी सुरू केलेल्या ह्या व्यवसायात पायी चालणे, सायकल, हातगाडी आणि लोकलचा मालडबा एवढीच साधने आहेत. घरोघरचे डबे एका स्थानकावर जमतात, खुणांप्रमाणे त्यांची वाटणी होते, एकाच दिशेचे डबे एका पाटीत भरून लोकलने जातात आणि पलीकडे पुन्हा वाटले जातात. परतताना रिकामे डबे त्याच मार्गाने येतात, म्हणजे रिकामी खेप अशी नाहीच. दूर अंतरासाठी रेल्वे, जवळच्या अंतरासाठी माणूस, आणि मध्ये काटेकोर वर्गवारी, ही ती रचना. २०२० च्या महासाथीनंतर ह्या व्यवसायाला ओहोटी लागली आहे. तरी तिचे तत्त्व आजही अभ्यासण्याजोगे आहे.

बैलगाडीलाही ह्या चर्चेतून वगळता येणार नाही. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक एन. एस. रामस्वामी ह्यांनी १९७० च्या दशकात बैलगाडीचा अभ्यास करून तिच्या सुधारणेचा आग्रह धरला. लाकडी चाकाऐवजी रबरी टायर व बेअरिंग बसविले की तेवढ्याच ताकदीत बैल अधिक ओझे ओढतो आणि त्याच्या मानेवरील ताणही हलका होतो. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या वाटेवर दिसणाऱ्या टायरगाड्या ह्याच सुधारणेच्या साक्षी होत. काटकसर म्हणजे अत्याधुनिक यंत्रच, असे समजण्याचे कारण नाही.

तेल की वीज?

विजेची वाहने आली की सारे प्रश्न मिटतील असे अलीकडे वारंवार ऐकू येते. त्यात तथ्य आहे, पण ते पुरे नाही. पेट्रोलच्या इंजिनात इंधनाच्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा चाकापर्यंत पोचतो, उरलेली उष्णतेच्या रूपाने जाते. विजेची मोटर मात्र ऐंशी टक्क्यांहून अधिक ऊर्जा चाकाला देते. परंतु ही वीज आली कोठून, हेही विचारले पाहिजे. कोळशावरील वीजकेंद्रात कोळशाच्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांशच वीज म्हणून हाती येते. कोयनेच्या पाण्यातून किंवा सूर्यप्रकाशापासून वीज येत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून विजेच्या वाहनाचा खरा लाभ वीज कशी बनते ह्यावर ठरेल. एकट्या माणसाला घेऊन जाणारी जड मोटार विजेवर चालली तरी तिचे निर्जीव ओझे आणि रस्त्यावरील जागा ही कायमच राहते.

काटकसरीचे दोन धोके

येथे दोन इशारे देणे अगत्याचे आहे. पहिला अर्थशास्त्रातील आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये असे दाखवून दिले की, वाफेचे इंजिन जसजसे काटकसरी झाले, तसतसा कोळशाचा एकूण खप घटण्याऐवजी वाढला. कारण स्वस्त झालेली वस्तू लोक अधिक वापरतात. लिटरला अधिक किलोमीटर जाणारी मोटारसायकल आली की चालत जाण्याजोग्या अंतरालाही तिला किक मारली जाते, हा आपला नित्याचा अनुभव ह्याच नियमाचे उदाहरण आहे. म्हणून यंत्राच्या काटकसरीला सवयीच्या संयमाची जोड हवीच.

दुसरा इशारा माणुसकीचा आहे. बारा डब्यांच्या मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी चार-साडेचार हजार माणसे कोंबली जातात. माणशी ऊर्जेचा हिशेब मांडला तर ह्याहून काटकसरी प्रवास जगात क्वचितच सापडेल. परंतु २०२३ आणि २०२४ ह्या दोन्ही वर्षी मुंबईच्या उपनगरी लोहमार्गांवर दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ह्यांपैकी पुष्कळ मृत्यू रूळ ओलांडताना आणि दारातून पडून झालेले आहेत. जी काटकसर प्रवाशाच्या देहाकडून वसूल केली जाते, तिला काटकसर म्हणता येणार नाही. गाड्या वाढविणे, दोन गाड्यांतील अंतर कमी करणे, फलाट व पूल रुंद करणे ह्यांवर होणारा खर्च हा ऊर्जाबचतीचाच खर्च मानला पाहिजे. कारण लोकलला कंटाळून मोटारसायकलीकडे वळलेला प्रवासी परत येणे कठीण असते.

ग्रामीण भागात हाच प्रश्न उलट्या बाजूने उभा राहतो. ज्याला परवडते तो मोटारसायकल घेतो, बसचे बाक रिकामे राहतात, तोट्याचे कारण दाखवून फेरी कमी होते, आणि फेरी कमी झाली म्हणून आणखी चार जण मोटारसायकल घेतात. ह्या दुष्टचक्राच्या शेवटी फाट्यावर उभी राहते ती जिच्याजवळ वाहन नाही अशी वृद्धा, किंवा जिला एकटीने दूर पाठविण्यास घरचे कचरतात अशी विद्यार्थिनी. सकाळची बस बंद झाली तर मुलाचा तास बुडतो, मुलीचे मात्र पुष्कळदा शिक्षणच थांबते. तेव्हा भरलेली बस हा केवळ इंधनाचा प्रश्न नाही, तो समान संधीचाही प्रश्न आहे.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

ह्या विषयात विद्यार्थ्यांस करण्याजोगे एक काम सुचवून हा लेख संपवितो. आपल्या महाविद्यालयाच्या फाटकाशी एक आठवडाभर सकाळी तासभर बसावे आणि येणाऱ्या प्रत्येक वाहनाची व त्यातील माणसांची नोंद करावी. कोण किती अंतरावरून, कोणत्या साधनाने आले, ते विचारावे. जे एस.टी.ने येत नाहीत त्यांना कारण विचारावे : वेळ जुळत नाही, फेरी नाही, थांबा दूर आहे, की नुसती सवय? वर दिलेल्या रीतीने प्रवासी-किलोमीटरांचा हिशेब मांडावा. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी नकाशा काढावा, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी खर्च काढावा, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी कारणांची वर्गवारी करावी. मग तो अहवाल घेऊन आगारप्रमुखांना भेटावे आणि फेरीची वेळ अर्ध्या तासाने बदलण्याची विनंती करावी. तास सुरू होण्याच्या वेळेशी जुळलेली एक बस चाळीस मोटारसायकलींचे काम करू शकते.

ऊर्जेची काटकसर म्हणजे प्रवास कमी करून घरी बसणे नव्हे, आणि गरिबाने आणखी अंग चोरून उभे राहणे तर नव्हेच नव्हे. ओझे ज्या साधनाने सर्वांत हलके होते त्या साधनाने ते न्यावे, साधन भरून न्यावे, रिकामे परत आणू नये, आणि त्यात शेवटच्या माणसाला बसायला जागा असावी. इतक्या चार गोष्टी साधल्या तरी पुष्कळ साधले असे म्हणता येईल.